घन वस्तू, नग एक

"आधी वजन, मग पाणी. एवढं एकच लक्षात ठेवा, आई. आधी भिजवलंत की संपलं."

सूनबाईचं हे वाक्य दोन महिने माझ्या कानात असं मुक्कामाला होतं, की एकदा अंघोळीला जाताना मी दाराशी थबकले आणि आपलं काही करायचं राहिलंय का, म्हणून आठवत उभी राहिले. आमचे हे आतून म्हणाले, "अगं, तुला नाही कुणी पाण्यात बुडवून मोजणार. जा." सासूला शिकवणारी सून नशिबानं मिळते. त्या शिकवणीला प्रेक्षक म्हणून बसणारा नवरा मात्र फुकटच मिळतो.

झालं असं, की मी गेली अठरा वर्षं ज्या पाळणाघरात जाते, तिथं एक परिपत्रक आलं. मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकीकडे दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर वर्षअखेर तिनं थांबावं. बाळाची ढेकर काढायला दहावी लागते हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत काढलेल्या ढेकरा बेकायदेशीर होत्या की काय, म्हणून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला पदवीच दिली असती. पण कागद मागतात हो." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. मग आम्ही दोघींनी मिळून परीक्षेचा अर्ज भरला.

भाषा, गणित, इतिहास, सगळं एका दमात सुटलं. राहिलं ते विज्ञानाचं प्रात्यक्षिक. सूनबाईनं आजूबाजूला चौकशी करून सांगितलं, की बाहेरून बसणाऱ्यांना गेली कित्येक वर्षं एकच प्रयोग देतात. दिलेल्या घन वस्तूची घनता काढा.

घनता म्हणजे काय, हे तिनं मला फार छान समजावलं. वस्तूचं वस्तुमान घ्यायचं, त्याला तिनं अडवलेल्या जागेनं, म्हणजे आकारमानानं भागायचं. येईल ती घनता. मी म्हटलं, "म्हणजे दोन बाळं दिसायला अगदी सारखी असतात, पण एक कडेवर घेतलं तर तास तास कळत नाही आणि दुसऱ्यानं पाच मिनिटांत खांदा उतरतो, तसं?" सूनबाई म्हणाली, "हो आई. पण पेपरात हे लिहू नका."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्यावरच उभा आहे. मी नेमाची बाई आहे. सकाळी देवापुढे दिवा, दिवसभर खोटं बोलायचं नाही, आणि दुपारी तीन ते चार मौन. पहिला नेम सोपा आहे, तिसरा आता अंगवळणी पडलाय. मधला तेवढा रोज नवा असतो. मौनाला बावीस वर्षं झाली. त्यात दोन लग्नं, एक शस्त्रक्रिया आणि वीजमंडळाच्या माणसाशी झालेला वाद येऊन गेला, पण तीन ते चार या वेळात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तसा माझा आवाज मुळातच बारीक आहे. आमचे हे म्हणतात, "तू मौनात आहेस की बोलतेयस, हे मला घड्याळ बघून ठरवावं लागतं."

प्रयोगाचा सराव करायचा तर घन वस्तू हवी, काटा हवा आणि मोजपात्र हवं. वस्तू म्हणून आमच्या दाराला टेकू देणारा दगड घेतला. काट्याचा प्रश्न पाळणाघरानं सोडवला. तिथं बाळांचं वजन करायचा काटा आहे, वर पाळण्यासारखं तबक असलेला. मी दगड पिशवीतून नेला, तबकात मऊ पंचा घातला (तो थंडगार काटा मला कुणाच्याच अंगाला लागलेला बघवत नाही, सवय), पंच्याचं वजन आधी वजा केलं आणि दगड अलगद आडवा ठेवला. एक किलो साडेतीनशे ग्रॅम. मी आकडा वहीत उतरवत होते, तेवढ्यात एका चार महिन्यांच्या बाळाची आई लवकर न्यायला आली. तिनं काट्याकडे बघितलं. पंच्यावर निजवलेलं काहीतरी काळंसावळं, हालचाल नाही.

"अहो, हे..." तिचा हात छातीशी गेला.

"तुमचं झोपलंय आत," मी म्हटलं. "हा माझा आहे."

बाईंनी नंतर मला सांगितलं, की खोटं न बोलणं चांगलंच आहे, पण वाक्य पूर्ण करत जा.

मोजपात्र म्हणून मी दुधाची बाटली घरी आणली. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. सूनबाईनं युक्ती सांगितली होती, की पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवायचं, दगड दोरीनं हळूच आत सोडायचा. जेवढं पाणी परातीत सांडेल, तेवढंच दगडाचं आकारमान. ते बाटलीनं मोजायचं.

सुट्टीच्या दिवशी, अडीच वाजता, मी स्वयंपाकघरात मांडणी केली. पातेलं काठोकाठ भरता भरता, एक एक थेंब वाटीनं घालता घालता, तीन कधी वाजले कळलं नाही. हरकत नव्हती, दगडाशी काही बोलायचं नव्हतं. दगड आत सोडला, पाणी परातीत उतरलं. मी बाटली आणायला मागच्या खोलीत गेले.

परत येते, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी परातीपाशी उकिडव्या बसलेल्या. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना ओव्हरसियर म्हणतात आणि ह्यांना ओव्हरसियरवहिनी. दार उघडं होतं, त्या विरजण मागायला आल्या होत्या.

"किती पाणी सांडलंत हो वहिनी," त्या म्हणाल्या आणि फडकं परातीत फिरवलं.

मी दोन्ही हात वर केले.

"राहू दे, राहू दे, मला काय मेलं काम आहे," असं म्हणत त्यांनी फडकं मोरीत पिळलं, परत फिरवलं, परत पिळलं. मी मान हलवत होते, हात हलवत होते. त्यांना वाटलं मी संकोचतेय. त्यांनी पातेल्याचा काठसुद्धा पुसून दिला, पातेल्यात दगड बघून क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि फार मायेनं म्हणाल्या, "उपास जास्त करू नका हं." माझं आकारमान त्यांच्या फडक्यातून मोरीत गेलं.

चार वाजता मी खाली जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं. तिथंच चूक झाली, कारण ओव्हरसियर घरी होते. त्यांनी आयुष्यभर पाणी अडवलं, आता कुणाचंही पाणी आपण अडवावं असं त्यांना वाटतं. ऐकायला जरा कमी येतं. कुठल्याही अडचणीवर त्यांचं पहिलं वाक्य एकच असतं.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "तुमची वस्तू चुकली. दगडाला भेगा असतात. काय वस्तू हवी म्हणालात?"

"कुठलीही घन वस्तू," मी म्हटलं. माझ्या आवाजात.

"बस का. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात धप, धप, धप असा आवाज आला. ओव्हरसियर एकेक पायरी थांबत वर येत होते आणि त्यांच्या हातात, लांब दांड्याचा, फरश्या फोडायचा घण होता.

"गवंड्याकडून आणला," ते धापा टाकत म्हणाले. "आता घणाचं काय मोजायचंय ते मोजा."

आमचे हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून खोलीत निघून गेले. वर्तमानपत्र हलत होतं.

मी ओव्हरसियरांना सांगायला हवं होतं, की घन म्हणजे घण नव्हे. सांगितलंही. पण त्यांना ते "घणच ना, घणच आहे" असं ऐकू आलं, आणि एवढ्या वयाच्या माणसानं माझ्यासाठी तो चौदा पायऱ्या वाहून आणला होता. माझ्या जिभेवरचा पुढचा शब्द विरघळला. पातेल्यात घण मावणार नव्हता. ओव्हरसियरांनी न्हाणीघरातलं पाण्याचं पिंप बाहेर ओढलं, ते काठोकाठ भरून घेतलं, मला बाटली धरून बसायला सांगितलं आणि घण दांड्याला धरून आत सोडायला लागले. "हळू," मी म्हटलं. ते ऐकू येण्यासारखं नव्हतंच. घण शेवटच्या वीतभर अंतरावर त्यांच्या हातून सुटला आणि पिंपाच्या बुडातून सरळ बाहेर आला.

ते पाणी मी अजून विसरले नाही. दुधाची बाटली हातात धरून मी त्याच्या मागे दाराबाहेर गेले, जसं काही त्यातलं थोडं तरी मोजता येणार होतं. ते शांतपणे चौदा पायऱ्या उतरलं, वळलं, आणि ओव्हरसियरांच्याच उंबऱ्यावरून आत गेलं. खालून वहिनींचा आवाज आला, "अहो, वरच्या वहिनींचा प्रयोग आला बघा." मग फडकं पिळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

फुटलेली फरशी ओव्हरसियरांनी स्वतः बसवून दिली. मी पुन्हा माझ्या दगडाकडे वळले. दार आतून लावून, पातेलं, परात, बाटली. दोनदा भरून बाटली रिकामी केली, पाचशे मिलिलिटर झालं. तेराशे पन्नासला पाचशेनं भागलं. दोन पॉइंट सात. दुसऱ्या दिवशी, दोन पॉइंट सात. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट सहा आलं, तेव्हा मी दगड नीट पुसला नव्हता हे मला रात्री जेवताना आठवलं. पंधरा दिवसांत त्या आकड्याशी माझं इतकं जुळलं, की तो दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. सूनबाई म्हणाली, "आई, दगड साधारण तेवढाच असतो. परीक्षेत लोखंड देतील, त्याचं सात पॉइंट आठ येईल. तुम्ही फक्त मोजा, घाबरू नका."

मग आली प्रयोगवही. तिच्यावर परीक्षार्थीच्या संस्थेच्या प्रमुखांची सही आणि शिक्का हवा, असं प्रवेशपत्रावर छापलेलं. मी ज्या एकाच संस्थेत जाते, तिच्या प्रमुखांनी आनंदानं सही केली. शिक्का मारला. आमच्या पाळणाघराच्या शिक्क्यात एक बदक आहे.

परीक्षा केंद्राच्या खिडकीतल्या कारकुनानं वही उलटसुलट केली.

"हे बदक कशाचं?"

"संस्थेचं."

"तुम्ही या संस्थेत नियमित येता?"

"अठरा वर्षं."

त्यानं चष्मा काढून पुसला. "इथं तुकडी लिहायची राहिलीय."

आमच्याकडे तुकड्या तीन. झोपते, रांगते आणि चालते. मी खरं तेच सांगितलं, की मी बहुतेक वेळ रांगत्यांमध्ये असते. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागच्या रांगेकडे बघितलं, रकान्यात सुवाच्य अक्षरात 'रांगता गट' असं लिहिलं आणि वही पुढे सरकवली. "शिक्का आहे ना," तो स्वतःशीच म्हणाला, "मग झालं."

माझ्या परीक्षेची वेळ एक ते तीन होती. म्हणजे तीनच्या आत तोंडी परीक्षाही उरकणार होती. मी देवाला तसं सांगूनही ठेवलं होतं. त्या दिवशी केंद्रावर गेले तर फळ्यावर खडूनं लिहिलेलं, वेळ बदलली आहे, दोन ते चार. मी दोनदा वाचलं. मग तिथल्याच बाकावर बसून डोळे मिटले आणि पुन्हा सांगितलं, की काय ते तू बघ, मी तीनच्या आत आटपायचा प्रयत्न करते.

प्रयोगशाळेत चोवीस परीक्षार्थी, सगळी मोठी माणसं. तराजू तीन, मोजपात्रं सहा आणि तुकडा एक. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. खाली कागद होता, 'लोखंडी तुकडा'. माझा नंबर तेविसावा. चोविसावा माझ्यामागे उभा होता, आणि तो उभा राहिल्यापासून बोलत होता.

"काकू, मी वॉचमन आहे. गोदामाच्या दारावर. दहावी झालो की हेड वॉचमन करतो म्हणालेत साहेब. हेडला खुर्ची असते. एकोणीस वर्षं उभा आहे मी, काकू. गुडघे असे वाजतात, ऐका. तुम्ही कुठं असता? पाळणाघर? पिवळ्या भिंतीचं? अहो, त्याच्यासमोरचंच तर माझं दार."

मी वळून नीट बघितलं. रोज दुपारी मुलांचा जरा डोळा लागला, की भिंतीपलीकडून "अरे मागे घे, मागे घे, डावीकडे काप, थांब, अरे थांब म्हणतो ना" असा एक आवाज येतो आणि निम्मी मुलं उठतात. एवढी वर्षं मी त्या आवाजाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथं लिहीत नाही. त्या आवाजाला चेहरा होता, आणि चेहऱ्यावर घाम होता.

"फार आवाज असतो तुमचा," मी म्हटलं.

"हो ना," तो अभिमानानं म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत जातो."

रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. तिथला शिपाई, पांढऱ्या मिशांचा, सगळे त्याला शिपाईमामा म्हणत होते, प्रत्येकाच्या कानाशी जाऊन प्रेमानं सांगत होता, "आकारमान चाळीस भरतं. वस्तुमान तीनशे बारा टाका. सात पॉइंट आठ येतं. सगळ्यांचं येतं." लोक तुकडा तराजूत ठेवायचे, मान तुकवून तीनशे बारा लिहायचे आणि सुटायचे. उत्तर आधी, निरीक्षण मागून, हा आपल्याकडचा जुना रिवाज.

आमची पाळी आली तेव्हा तीनला बारा मिनिटं कमी होती. शिपाईमामा माझ्याही कानाशी आला. मी त्याला नमस्कार केला आणि तुकडा कोरडा पुसून पारड्यात ठेवला. आधी वजन, मग पाणी.

एकशे आठ ग्रॅम.

मी वजनं पुन्हा मोजली. एकशे आठ. मोजपात्रात साठवर पाणी होतं, तुकडा सोडल्यावर शंभरवर गेलं. चाळीस बरोबर होतं. एकशे आठ भागिले चाळीस. वहीत उत्तर उतरलं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन पॉइंट सात. अनोळखी गावात आपल्या आळीतलं माणूस भेटावं, तसं झालं.

वॉचमननंही मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. "काकू, माझंसुद्धा एकशे आठच भरतंय," तो कुजबुजला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. "मामा तर तीनशे बारा म्हणतो. काय लिहू? खुर्ची जाईल हो माझी."

मी माझा कागद त्याच्यासमोर धरला नाही, पण झाकलाही नाही. मला जे दिसलं ते लिहून मी पेन खाली ठेवलं, आणि तेवढ्यात बाहेर तीनचे टोले पडले. वॉचमननं तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि लिहिलं, एकशे आठ.

तीन वाजून दहा मिनिटांनी परीक्षक बाई आमच्यापाशी आल्या. बाहेरगावच्या होत्या, पहिल्यांदाच आलेल्या, दमलेल्या. त्यांनी आमचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बावीस जणांचं उत्तर बरोबर," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या दोघांचं चूक. चुकू शकतं. पण दोघांचं तेच चूक? हुबेहूब? दशांशापर्यंत?"

आम्ही दोघं उठून उभे राहिलो. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मोजलं तेच लिहिलं."

"शेजारी बसून?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे शेजारी बसूनच, पण मोजलं वेगळं." एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा त्याचा आवाज आता बाकाच्या टोकापर्यंतही जात नव्हता.

"तुम्ही सांगा बाई," परीक्षक माझ्याकडे वळल्या. "यांनी तुमचं बघून लिहिलं का?"

मी मान हलवली. नाही.

"तोंडानं सांगा. तोंडी परीक्षाच आहे ही."

मी तशीच उभी. बाई वाट बघून म्हणाल्या, "उत्तर देत नाही, म्हणजे मी काय समजायचं ते समजते. दोघांच्या कागदावर कॉपीचा शेरा जाईल." त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पहिला कागद वॉचमनचा होता.

माझं पाळणाघर गेलं, हे मला त्या क्षणी कळलं. पण ते माझं होतं, त्याची कळ मी सोसली असती. हा माणूस एकोणीस वर्षं उभा होता आणि त्यानं आज तीनशे बारा लिहिलं असतं, तर उद्या बसला असता. त्यानं एकशे आठ माझ्या कागदातून उतरवलं नव्हतं, स्वतः मोजलं होतं. माझे दोन नेम एकमेकांसमोर उभे होते आणि मधे तो. गप्प राहणं हेही उत्तरच असतं. इथं ते उत्तर खोटं होतं.

"हा दगड आहे," मी म्हटलं.

बावीस वर्षांत त्या तासाला काढलेला माझा पहिला शब्द कुणालाही ऐकू गेला नाही.

"काय?"

"मॅडम, हा दगड आहे."

"मोठ्यानं बोला हो."

मग माझ्यातून जो आवाज निघाला, तो कुणाचा होता मला माहीत नाही. "दगड आहे हा," मी म्हटलं, आणि तराजूची पारडी हलली.

परीक्षक बाईंनी वॉचमनकडे बघितलं. मग माझ्याकडे, कडक नजरेनं. "सोबतच्या परीक्षार्थीला असं बोलू नये. चुकला असेल बिचारा."

"असू द्या, मॅडम," वॉचमन खालमानेनं म्हणाला. "मोठ्या आहेत, काकू आहेत. आमच्या मास्तरांचंही हेच म्हणणं होतं."

"हे नाहीत," मी म्हटलं. "हा." आणि तो काळा तुकडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "माझ्या दाराला असाच आहे. पंधरा दिवस मोजलाय. लोखंड असतं तर तुमचा हात खाली गेला असता."

बाईंचा हात खाली गेला नाही. त्यांनी तुकडा वरखाली करून बघितला. पर्समधून किल्ली काढली आणि एका कडेनं खरवडली. काळा रंग निघाला. आतून राखाडी दगड निघाला.

शिपाईमामा आपोआप पुढे आला. कुणी बोलावलं नव्हतं.

"खरा तुकडा आठ वर्षांपूर्वी गहाळ झाला, बाई," तो मिशा चाचपत म्हणाला. "सामानाच्या, म्हणजे जडसंग्रहाच्या, नोंदवहीत नोंद आहे, 'घन वस्तू, नग एक'. तपासणीला नग तर भरायला पाहिजे. मी याच मापाचा शोधून आणला, घासला, रंगवला. दर वर्षी नवा हात देतो रंगाचा. आजवर कुणाची तक्रार नाही. उत्तर सगळ्यांचं बरोबरच येतं."

परीक्षक बाई पदर खोचून स्वतः तराजूपाशी गेल्या. वजनं ठेवली, काढली. पाणी बघायला डोळा रेघेच्या समोर आणला. मग त्या बावीस कागदांच्या गठ्ठ्याकडे वळल्या.

"बावीस माणसांनी दगडातून लोखंड काढलं," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यांना पैकीच्या पैकी दिले."

सगळ्यांना पुन्हा मोजायला लावलं. बावीस जण उठून पुन्हा रांगेत उभे राहताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेची घनता मोजायला कुठलंही पातेलं पुरलं नसतं. त्यातल्या एका शिंपीणबाईंना गाडी गाठायची होती. मी जमिनीकडे बघत राहिले.

माझ्या प्रयोगवहीवर, बदकाच्या शेजारी, बाईंनी 'उत्तीर्ण' लिहून सही केली. वॉचमनच्याही केली. मला म्हणाल्या, "तुमची तोंडी परीक्षा राहिली."

मी घड्याळाकडे बघितलं. तीन पस्तीस. मोडलेला तास, पण उरलेला तरी पाळावा, म्हणून मी पुन्हा ओठ मिटले होते. हात जोडले.

"असू दे," त्या म्हणाल्या. "जेवढं बोललात तेवढं पुरे झालं."

चारचे टोले पडेपर्यंत आम्ही दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. वॉचमनला आता कंठ फुटला होता. तो खुर्चीविषयी बोलला, खुर्चीला हात असतील की नसतील याविषयी बोलला, बायकोला कसं सांगणार ते सांगितलं. टोले पडल्यावर मी त्याला म्हटलं, की मधे मी गप्प होते त्याचं वाईट वाटून घेऊ नका, माझा तीन ते चार नेम असतो. बावीस वर्षांचा.

तो पहिल्यांदाच थांबला.

"म्हणजे माझ्यामुळं मोडला?"

"दगडामुळं मोडला."

"नाही काकू. माझ्यामुळं." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी भरून देतो. उद्या तीन ते चार मी बोलणार नाही. तुमच्या वाटचा तास माझ्याकडं."

"अहो, असं बदलीवर चालत नाही. आणि तुम्हाला नाही जमायचं."

"शब्द दिला," तो म्हणाला, आणि लगेच त्या शब्दाविषयी पाच मिनिटं बोलला.

मी घरी आले, देवापुढे बसले, झालं ते सांगितलं. रागावल्यासारखं काही वाटलं नाही. मला वाटतं, तिथंही ते ऐकून कुणीतरी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं असावं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात मुलं निजली. पावणेतीनला मी खिडकीपाशी स्टूल नेलं आणि त्यावर उभी राहिले. पूर्वी कधी उभी राहिले नव्हते. गोदामाच्या दारात एक लांबलचक ट्रक अर्धा आत, अर्धा रस्त्यावर होता आणि तो त्याच्या मागे धावत ओरडत होता, "घे, घे, अजून घे, डावीकडे काप." माझ्या मांडीवरून नुकतंच उतरवलेलं एक बाळ कुशीवर वळलं.

तीनला एक मिनिट कमी असताना त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवली. ट्रकवाल्याला घाईघाईनं काहीतरी सांगायला लागला, बरंच सांगायचं होतं बहुतेक, दोन्ही हातांनी सांगत होता. तेवढ्यात टोला पडला. त्यानं वाक्य जिथं होतं तिथंच सोडलं, ओठ मिटले, आणि ट्रकच्या मागे जाऊन हात वर करून उभा राहिला.